आईचं नाक, बाबांचं मशिन

४ जानेवारी, रविवार

नाही, आधी ते हसणं थांबव. वाचणारा तू कोण आहेस मला माहीत नाही, पण 'एवढंच ना' असा चेहरा करू नकोस. तू आमच्या किचनमध्ये नव्हतास.

सलग चौथा रविवार. आंबोळ्या. आईने ओव्हनमधून पिठाचं पातेलं काढलं, तवा ठेवला, पहिली आंबोळी घातली आणि टॅं टॅं टॅं. गॅस बंद. रीसेट. पाच मिनिटांनी परत टॅं टॅं टॅं.

डिसेंबरात बिल्डिंगने सगळ्यांकडे नवे गॅस डिटेक्टर बसवले. पांढरी डबी, कुकिंग रेंजच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर. गॅस जड, खाली साठतो, म्हणून खाली. डबीला गॅस लागला की ती बोंबलते आणि सिंकखालचा व्हॉल्व्ह आपोआप बंद करते. चांगली गोष्ट आहे. नुसती रविवारी बोंबलली नसती तर.

आई तव्यावरच्या अर्ध्या कच्च्या आंबोळीकडे बघत उभी. बाबा म्हणाले, खलास. आईला खाली ग्रोसरीत नारळ आणायला पाठवलं. (नारळ होता घरात.) मग तोंडात टॉर्च धरून सिंकखाली शिरले. दोन मिनिटांत बाहेर. व्हॉल्व्हला थेट वायर जोडली. आता डबीने कितीही आरडाओरडा केला तरी व्हॉल्व्ह उघडाच राहणार. वर डबीच्या भोंग्यावर ब्राउन टेप. तीच रुंद टेप, इंडियाला कार्गोचे खोके पाठवायची.

बाबा जबल अलीला एका वेअरहाऊसमध्ये सेफ्टी ऑफिसर आहेत. तिकडे कुणी सेन्सरवर चिंधी बांधली तर त्याचा गेट पास काढून घेतात आणि जेवताना आम्हाला सांगतात, आज एकाचा घेतला.

म्हटलं, बाबा, हेच तिकडे कुणी केलं असतं तर...

"तिकडे तुझी आई नाहीये."

मग त्यांचं नेहमीचं. मला सायनस, तुझं लक्ष नसतं, पण तिचं नाक, दूध नासायच्या आधी तिला कळतं. ह्या घरात खरा डिटेक्टर तीच. आणि हे टेम्पररी आहे. आणि आईला सांगू नकोस, उगाच घाबरेल; तिला सांगू, मशिन नीट केलं, टेप नुसती आवाज कमी करायला.

मी बरं म्हटलं. का म्हटलं.


५ जानेवारी, सोमवार

ऑफिस. मरीना, तेविसावा मजला. 'पाण्याकाठचं निवांत जगणं' हे इंग्लिशमध्ये अकरा प्रकारे लिहिलं. क्लायंटला बारावा हवाय.

काल जे लिहिलं नाही ते लिहिते. लिहिताना वर बघितलं जातंय, कुणी मागे आहे का.

आईला वास येत नाही.

चार वर्षं. कोविडनंतर. ताप गेला, खोकला गेला, वास परत आलाच नाही. मी तेव्हा पुण्याला कॉलेजात. सुट्टीत आले तेव्हा तिने कपभर दूध दिलं, मी एक घोट घेतला आणि थुंकलं. पूर्ण नासलेलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर 'अगं बाई' नव्हतं, सापडल्यासारखं काहीतरी होतं.

तिने सगळं बसवून घेतलंय. दूध आधी चमचाभर तापवून बघते. फोडणी रंगावर. भाजणं घड्याळावर. धूप लावला की पहिल्यांदा विचारते, छान वास आहे ना? आपण हो म्हटलं की तीही हो म्हणते.

बाबांना का नाही सांगत, विचारलं होतं तेव्हा. म्हणाली, "हे मलापण लाल टॅग लावतील. वापरू नये." आणि हसली. मग हसणं संपल्यावर म्हणाली, ओट्यापाशी उभं करणार नाहीत गं मला. आणि सत्तावीस वर्षं तो माणूस जगाला माझं नाक सांगत फिरतोय.

खरंय. शारजाच्या पहिल्या घरात एसीची वायर जळताना तिने झोपेतून उठून कशी ओळखली, ही गोष्ट मी दोनशे वेळा ऐकलीय. नवीन माणूस घरात आला की पोहे आणि ती गोष्ट, एकत्रच येतात.

शपथ घातली होती तिने. मी घेतली.

आता दोघांना दिलेला शब्द माझ्याकडे. एकाच्या शब्दाने दुसऱ्याचा शब्द...


८ जानेवारी, गुरुवार

गॅस कंपनीचा माणूस आला. बाबांनी हाफ डे टाकलेला. आल्या आल्या सिंकखाली जाऊन वायर काढली, टेप काढली, हात धुतले, मग नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनला, फोन, पाठव वर. आई तेवढा वेळ खाली नीला काकूंकडे. तो माणूस गेल्यावर सगळं परत जोडलं. ऑडिटला असतं तसं. मी बघत होते, तर म्हणाले, बघत काय बसलीस, टॉर्च धर.

धरला.

माणूस केरळचा, पन्नाशीचा, हिंदी स्वतःच्या व्याकरणाची. मीटर घेऊन सगळे जॉइंट फिरला, साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. लीक नाही. म्हणाला, ये बेवकूफ मशिन है मॅडम. सेंट मारो, चिल्लाएगा. स्पिरिट लगाओ, चिल्लाएगा. गॅस और स्पिरिट में फरक नहीं करता.

मी म्हटलं, पर सिर्फ संडे को.

तर तो उठता उठता म्हणाला, तो संडे को आप लोग क्या करते हो?

बाबा हसले. मी नाही. संडे को हम लोग क्या करते हैं.


१० जानेवारी, शनिवार

पीठ.

लिफ्टमध्ये सुचलं. आई शनिवारी संध्याकाळी तांदूळ-उडदाचं पीठ वाटते, आणि एसीमुळे घर थंड म्हणून पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवते, नुसता आतला दिवा लावून. उबेत छान फुगतं. ओव्हन गॅस न पेटवता. रात्रभर ते पीठ आंबतं, म्हणजे थोडी दारूच सुटते की त्यातून. बंद डब्यात साठते. सकाळी आई दार उघडते, आणि बाहेर वीतभर अंतरावर डबी. गॅस आणि स्पिरिटमध्ये फरक न करणारी.

शाळेत सायन्सला मी पास झाले होते फक्त. आज मला स्वतःचा अभिमान वाटला, वीस मिनिटं.

आईला म्हटलं, पीठ आज माझ्या कपाटात ठेवू. म्हणाली, वेड लागलंय का, कपड्यांना वास येईल. बोलून गेली आणि माझ्याकडे बघितलं. मी पातेलं उचललं.

ठेवलं. जीन्सच्या खाली, जुन्या शालीत गुंडाळून.


११ जानेवारी, रविवार

चौदा आंबोळ्या. काळ्या वाटाण्याची उसळ. डबी गप्प. टेपखालून बारीकसा हिरवा दिवा, बस.

बाबांना सगळं समजावलं. ते खरंच खूश झाले. मला म्हणाले, तू सेफ्टीत यायला हवं होतंस, हे लिहिण्याबिहिण्यापेक्षा. फॉल्ट शोधणं म्हणजे अर्धं काम. आईला सांगितलं, तुझं पीठ दारू गाळत होतं. आई म्हणाली, पण कपाटात तेवढं फुगलं नाही हं.

मी म्हटलं, मग आता काढा ना ते. (आई समोर, म्हणून 'ते'.)

हो हो. काढतो. शनिवारी निवांत.

का शनिवारी? आज रविवार आहे, तुम्ही घरी आहात, टॉर्च तिथेच आहे. विचारलं नाही. चेक करायचं होतं की ते स्वतःहून उठतात का. क्रिकेट लावलं त्यांनी.


१३ जानेवारी, मंगळवार

ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकीने विचारलं, तुमच्याकडे ब्रेड करता का घरी? माझ्या कुर्त्याचा वास.

वायर तिथेच. सिंकखाली वाकून बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही, दोन वायर कुठून कुठे, कशाला हात लावला की काय होईल. हात नेला, परत आणला.


१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

ऑफिसला सुट्टी टाकली, आईला लाडवांना मदत. शनिवारी हळदीकुंकू आहे, बारा बायका.

तीळ भाजत होती. घड्याळ ओट्यावर, ओठ हलत होते, मोजत होती. मी खोबरं किसत, खाली बसून. खालून दिसलं.

मागच्या छोट्या बर्नरचं बटण. पूर्ण आत दाबलेलं आणि वरून ब्राउन टेप. आडव्या तीन पट्ट्या.

हे काय, आई?

अगं तो पेटतच राहत नाही. बटण सोडलं की विझतो. दोन महिने झाले ह्यांना सांगून, शनिवारी करतो शनिवारी करतो. माझा अंगठा दुखतो दाबून दाबून. मग परवापासून टेप.

मला तेवढं माहीत आहे, बाबांनीच शिकवलंय. बर्नरशेजारी ती छोटी दांडी असते, ज्योत असली की ती गरम. गरम असली तरच गॅस सुटतो. ज्योत विझली, दांडी गार, गॅस आपोआप बंद. ती दांडी खराब झालीय म्हणून बटण सोडल्यावर विझतो. पण बटण दाबूनच ठेवलं, तर ज्योत असो नसो, गॅस येतच राहणार.

म्हटलं, आई, वाऱ्याने विझला तर? तुला कळणार नाही.

तिने तीळ परतणं थांबवलं नाही.

"म्हणून तर यांनी मशिन नीट केलंय ना खाली. काही झालं तर ते बंद करेल. नाक गेलं तरी मशिन आहे."

किती शांतपणे म्हणाली. मशिनवर पूर्ण विश्वास. बाबांवर पूर्ण विश्वास.

बाबांचा तिच्या नाकावर. तिचा बाबांच्या मशिनवर. आणि दोन्ही बंद. आणि टेपचा रोल एकच, ड्रॉवरमध्ये.

तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, सत्तर, एकाहत्तर, बोलू नको गं, मोजते आहे.

संध्याकाळी बाबा जेवताना: कार्गोची टेप कोण संपवतं ह्या घरात?
आई: मला काय विचारता, तुमच्याच हातात असते.
दोघंही खरं बोलत होते.


१५ जानेवारी, गुरुवार

आज दोघांनाही सांगायचा प्रयत्न, शपथा न मोडता. म्हणजे कसरत.

स. बाबांना, कंपनीच्या बसची वाट बघत होते तेव्हा: वायर काढा, प्लीज. का, वाजलं का परत? नाही. मग? मला भीती वाटते. तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाळा, तुझी आई आहे ना घरात.

सं. आईला: बर्नर दुरुस्त होईपर्यंत तो वापरू नकोस. पुढचे तीन आहेत की. तर म्हणे, पुढच्यांवर मोठी भांडी, चहाला तोच लागतो. मशिन आहे ना.

ह्या घरात मी एक वाक्य बोलले की सगळं सुटेल. एक नाही, दोन. दोन्ही मिळून दहाबारा शब्द. मी दिवसभर लोकांसाठी हजार शब्द लिहिते.

बर्नरची टेप काढून टाकली मी. रात्री जेवायला बसलो तेव्हा परत लावलेली.


१७ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू झालं. क्रमाने लिहिते, नाहीतर...

बाबांना दुपारी बाहेर काढलं, मित्राकडे, इथे ऊद मेथा भागातच. म्हणजे वायर आजही नाही. बारापैकी दहा जणी आल्या. हॉल भरला. गरम होतंय म्हणून कुणीतरी बाल्कनी उघडली. थंडी, छान वारा. किचनचं दार आणि बाल्कनी समोरासमोर.

मी कप आणायला किचनमध्ये गेले. आई ओट्यापाशी, पाठमोरी, ताटात लाडू लावत होती. मागच्या बर्नरवर चहाचं पातेलं.

आधी मला वाटलं डास आहे. बारीक, एकसारखा. मग कळलं, खालून येतोय. डबी. टेपखाली, घसा दाबल्यासारखी ओरडत होती.

मग वास.

पातेल्याखाली ज्योत नव्हती. सूं आवाज. आई त्यात उभी होती. लाडू मोजत. शेजारच्या शेगडीवर काही पेटलेलं नव्हतं म्हणून वाचलो. नुसतं म्हणून.

टेप उपटली, बटण बंद केलं, कोपऱ्यातला मेन कॉक फिरवला, खिडकी. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही हे बाबांचंच, लहानपणापासूनचं. एक्झॉस्टलाही नाही. आई म्हणाली, काय झालं गं? अगदी साधं. काय झालं गं.

मी तिला बाहेर ओढायला लागले तेवढ्यात नीला काकू दारात. गॅसचा वास येतोय का गं?

मी आईकडे बघितलं. आईने माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. एक सेकंद. त्या एका सेकंदात तिला सगळं समजलं, आणि त्याच सेकंदात ती वळली आणि हसत म्हणाली:

"हो ना, मला कधीचा येतोय. आत्ताच बंद केला."

काकू म्हणाल्या, बाई बाई, तुमचं नाक.

सगळ्या जणी गेल्या तेव्हा लिफ्टपाशी बाबा भेटले त्यांना. काकूंनी अर्थातच सांगितलं. बाबा घरात आले ते फुगून. माझ्याकडे बोट करून म्हणाले, बघितलंस? मी काय सांगत होतो?

आई वाण म्हणून आणलेल्या वाट्या डब्यात परत भरत होती. वर बघितलं नाही तिने.


१८ जानेवारी, रविवार

आज आंबोळ्या नाहीत. पीठच केलं नव्हतं. ब्रेड.

बाबा बाल्कनीत, डोंबिवलीच्या काकाला फोनवर. दहा बायका घरात, कुणाला पत्ता नाही, आणि हिने... शारजाच्या गोष्टीच्या जोडीला आता ही. आवाजात काय आनंद. माझं चहाकडे लक्ष नव्हतं, मी त्या आनंदाकडेच बघत होते. हा माणूस उद्या कुणाचातरी गेट पास काढून घेईल.

आई माझ्या खोलीत आली, दार लावलं. म्हणाली, मशिनने गॅस बंद का नाही केला?

मी काय सांगू. शपथ.

खराब असेल, म्हटलं. वास्तविक तिथेच सांगायचं होतं. पण ती पलंगाच्या कडेवर अशी बसली होती, दोन्ही हात मांडीखाली, शाळेतल्या मुलीसारखी. म्हणाली, मी तिथेच उभी होते ना गं? किती वेळ उभी असेन?

मी म्हटलं, बाबांना सांगू या. आज. मी बरोबर बसते.

नको. टेप लावणार नाही मी परत. देवाची शपथ. पण आता नको, आत्ता तर ते... ऐकतेस ना बाहेर? आज कसं सांगू?

बाहेर बाबा काकाला म्हणत होते, अरे देणगी असते ती, देणगी.

दुपारी बाबांना एकटं गाठलं. वायर. आता तरी.

म्हणाले, कालच सिद्ध झालं की. मशिन काय करत होतं? ओरडत होतं. कुणी ऐकलं? तुझ्या आईने बंद केलं. म्हणजे काय लागतं घरात?

मी ऐकलं, बाबा. मी ऐकलं आणि मी बंद केलं. हे मनात.

बरं, करतो, म्हणाले. शनिवारी. नवा डिटेक्टरच मागवू. इन्शाल्ला.


१९ जानेवारी, सोमवार

ट्रेनमध्ये. उभी आहे, खांबाला टेकून, अक्षर असंच येणार.

सकाळी सव्वासहाला पाणी प्यायला किचनमध्ये गेले. मागचा बर्नर चालू, चहा. बटणावर टेप. तीनच्या चार पट्ट्या. आई म्हणाली, डबा करायचा होता गं, यांची बस येते, आजच्या दिवस.

सिंकखाली बघितलं. वायर.

मी टेप काढली. बर्नर बंद केला. मेन कॉक बंद केला. आई म्हणाली, अगं चहा. खोलीत जाऊन बॅग भरली, लॅपटॉप, चार्जर. दोघांचे चेहरे बघून बोलता येणार नाही हे मला माहीत होतं. बसून तर नाहीच. बसलं की आई डोळ्यांनी थांबवते, बाबा विनोद करतात, आणि मी बरं म्हणते. मी ह्या घरात बरं म्हणायलाच जन्मले.

लिफ्ट बोलावली. दार उघडंच ठेवलं. बाबा शू रॅकपाशी, एक बूट घातलेला, दुसरा हातात. आई त्यांचा डबा घेऊन मागे उभी, बिनचहाची. लिफ्ट चौथ्यावर. तिसऱ्यावर. आम्ही दुसऱ्यावर.

म्हटलं, बाबा, आईला चार वर्षं कसलाच वास येत नाही. शनिवारी गॅस मी बंद केला.

म्हटलं, आई, बाबांनी मशिनचा व्हॉल्व्ह वायर लावून उघडा ठेवलाय. ते मशिन काहीच बंद करत नाही.

आवाज माझा फार मोठा नव्हता. आकडा सांगितल्यासारखा.

बाबांच्या हातातला बूट तसाच. आईने डबा छातीशी धरला. कुणीतरी काहीतरी म्हणायला श्वास घेतला, कोण ते कळलं नाही. मी लिफ्टमध्ये शिरले होते. दार सरकताना दिसलं ते एवढंच, की दोघांतलं कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. एकमेकांकडे बघत होते, पहिल्यांदाच भेटल्यासारखे, आणि दार बंद झालं.